चला इंग्रजी बोलूया : आपला फोन, आपले पैसे, आपली वाक्यं



गावोगावच्या बैठकीत मी विचारते, "इंग्रजी किती जणींना येतं?" एकही हात वर होत नाही. मग मी विचारते, "रेंज आहे का इथं?" लगेच पाच-सहा जणी सांगतात, "नाही मॅडम, खिडकीजवळ या." कुणी म्हणतं चार्जिंग संपलं, कुणी म्हणतं रिचार्ज मारायचाय, कुणाचा नेट पॅक संपलेला. मोजून बघा, एका मिनिटात आपण आठ-दहा इंग्रजी शब्द बोलून जातो. म्हणजे शब्द आहेत आपल्याकडे. ते वाक्यात बसवायचे राहिलेत, आणि काही शब्दांचा अर्थ नीट पक्का करायचा राहिलाय. दुसरं काम जास्त महत्त्वाचं, कारण त्यात पैसे आहेत. म्हणून तिथूनच सुरुवात करू.

गेल्या महिन्यात एका गटात बँकेचे मेसेज वाचायचा सराव घेतला. एका ताईंनी फोन पुढे केला आणि घाबरून विचारलं, "मॅडम, ह्यात क्रेडिट आलंय. मी तर कर्ज उचललंच नाही, मग माझ्यावर क्रेडिट कसं चढलं?"

प्रश्न अगदी बरोबर आहे. आपल्या बैठकीत 'क्रेडिट' हा शब्द कर्जासाठीच येतो. बँकेचं क्रेडिट लिंकेज झालं म्हणजे गटाला कर्ज मिळालं. कॅश क्रेडिट खातं म्हणजे कर्जाचं खातं. मग मेसेजमध्ये 'क्रेडिटेड' दिसलं की बाई घाबरणारच. पण मेसेजमधला 'क्रेडिटेड' म्हणजे जमा झाले. त्याच्या उलट 'डेबिटेड', म्हणजे खात्यातून गेले. ताईंच्या खात्यात योजनेचे 1500 रुपये जमा झाले होते आणि त्या चार दिवस कुणाला न सांगता काळजी करत होत्या.

हे दोन शब्द इंग्रजी वाचता येत नसेल तरी ओळखता येतात. दोन्हींचं शेपूट सारखंच असतं, म्हणून शेवट बघू नका, पहिलं अक्षर बघा. 'क्रेडिटेड'चं पहिलं अक्षर सी. तो आपल्या विळ्यासारखा दिसतो, एका बाजूला उघडा. 'डेबिटेड'चं पहिलं अक्षर डी. उभी दांडी आणि तिला पोट. मोठा डी असेल तर पोट उजवीकडे, लहान डी असेल तर पोट डावीकडे आणि दांडी वर गेलेली. विळा दिसला तर पैसे घरात आले, पोट दिसलं तर कुणाच्या तरी पोटात गेले. (हे माझं नाही, त्याच बैठकीत एका आजींनी सांगितलं. सगळ्या हसल्या, पण एकीलाही नंतर विसर पडला नाही.)

ह्याच दोन शब्दांची बोलायची वाक्यं :

मनी इज क्रेडिटेड. पैसे जमा झाले.
मनी इज डेबिटेड. पैसे गेले.
आय डिड नॉट डू धिस. हे मी केलेलं नाही.

तिसरं वाक्य तोंडपाठ करा. डेबिटचा मेसेज आला आणि तुम्ही काहीच खरेदी केलेली नसेल, तर बँकेत गेल्यावर हेच सांगायचं असतं. मराठीत सांगितलं तरी चालतंच, बँक आपलीच आहे. पण काउंटरवर बाहेरच्या राज्यातले साहेब असले की आपल्या बायका गप्प बसतात आणि परत येतात, हे मी बघितलंय. एवढं एक वाक्य असलं की गप्प बसायची वेळ येत नाही.

आता पैसे पाठवायच्या ॲपकडे येऊ. यूपीआय 2016 साली सुरू झालं, आणि आता आठवडी बाजारात मेथीची जुडी विकणाऱ्या मावशींच्या पाटीवरही क्यूआरचा कागद असतो. ॲप मराठीत करता येतं. सेटिंगमध्ये भाषा बदलून घ्या, त्यात कमीपणा नाही. काही ताई म्हणतात, "मग इंग्रजी कशाला शिकायचं?" कारण ॲप मराठीत झालं तरी बँकेचे मेसेज, एटीएमची पावती आणि कस्टमर केअरचं बोलणं बहुतेक वेळा इंग्रजीतच येतं. आणि फसवणारा माणूस मुद्दाम इंग्रजी शब्द वापरतो. आपण 'हो हो' म्हणावं म्हणून.

आपल्या भागातली गोष्ट आहे, नाव-गाव सांगत नाही. दिवाळीच्या आधी एका ताईंना फोन आला. फराळाची मोठी ऑर्डर आहे, ॲडव्हान्स पाठवतो, तुमच्या फोनवर रिक्वेस्ट येईल, ती ॲक्सेप्ट करा आणि पिन टाका. ताईंना 'रिक्वेस्ट' म्हणजे विनंती हे माहीत होतं, 'ॲक्सेप्ट' म्हणजे स्वीकारणे हेही माहीत होतं. पैसे स्वीकारायचेत असं समजून त्यांनी पिन टाकला. स्क्रीनवर आकड्याच्या शेजारी 'पे' लिहिलेलं होतं. तेवढा एक शब्द वाचला असता तर 4,800 रुपये वाचले असते. ते पैसे त्यांचे एकटीचे नव्हते, गटाचा हप्ता भरायला आणलेले होते. पुढच्या बैठकीत त्या आल्या नाहीत. हप्ता बाकीच्या जणींनी मिळून भरला, पण ताईंना परत बैठकीत आणायला आम्हाला दोन महिने लागले.

म्हणून हा धडा नीट बघा. 'पे' म्हणजे द्या. 'रिसीव्ह' म्हणजे घ्या, मिळवा. ॲपमध्ये 'पे' दिसलं की पैसे आपल्याकडून जाणार. आणि पिन फक्त पैसे द्यायला किंवा आपलाच बॅलन्स बघायला लागतो. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. समोरचा कितीही गोड बोलू दे, साहेब असू दे, मिलिटरीतला म्हणू दे.

टू पे मनी, आय नीड माय पिन. पैसे द्यायला मला पिन लागतो.
टू रिसीव्ह मनी, आय डोन्ट नीड माय पिन. पैसे घ्यायला मला पिन लागत नाही.

बैठकीत दोन गट करा. एकीने म्हणायचं 'टू पे', दुसरीने वाक्य पुरं करायचं. 'टू रिसीव्ह' म्हटलं की सगळ्यांनी मिळून 'डोन्ट' जोरात म्हणायचं.

माणसाने माणसाला यूपीआयवर पैसे मागायची ती रिक्वेस्ट 1 ऑक्टोबर 2025 पासून बंद झालीय, हे चांगलं झालं. पण फसवणारे आता क्यूआरचा फोटो पाठवतात आणि म्हणतात, "हा स्कॅन करा, पैसे येतील." स्कॅन करून पिन टाकला की पैसे जातात. रस्ता बदलला, पिन तोच.

'ओटीपी'चं पूर्ण रूप आहे वन टाइम पासवर्ड. वन टाइम म्हणजे एकदाच. एकदाच वापरायची किल्ली, आणि ती आपल्याच हातात ठेवायची. कुणी मागितला तर :

सॉरी, आय डोन्ट शेअर माय ओटीपी.

एवढं बोलून फोन ठेवायचा. आपल्याला शिकवलेलं असतं की मोठ्या माणसाचा फोन मध्येच ठेवू नये. इथे ठेवायचा. हा उद्धटपणा नाही.

आणि तरीही फसवणूक झालीच, तर रडत बसू नका आणि घरात लपवू नका. 1930 हा सरकारचा सायबर फसवणुकीचा नंबर आहे. लगेच लावा, मराठीतच बोला. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे मध्येच अडवायची शक्यता जास्त, कारण चोर ते पैसे भराभर एका खात्यातून दुसऱ्या खात्यात फिरवतो. फोन करताना व्यवहाराचा रेफरन्स नंबर लागतो. यूपीआयचा हा नंबर 12 अंकी असतो आणि ॲपमध्ये त्या व्यवहारावर बोट ठेवलं की दिसतो. मेसेज डिलीट करू नका. 'डिलीट' म्हणजे पुसून टाकणे, हे बहुतेकींना माहीत आहे. फोनची जागा भरली की आपण आधी मेसेजच पुसतो ना!

आता विक्रीच्या टेबलावर येऊ. तालुक्याचं प्रदर्शन असो नाहीतर मुंबईचं महालक्ष्मी सरस, गिऱ्हाईक सगळ्या भाषांचं येतं. मागच्या वेळी आपल्या काही ताई स्टॉलवर इंग्रजी गिऱ्हाईक आलं की शेजारच्या स्टॉलवरच्या मुलीला हाक मारायच्या. खरं म्हणजे तिथे लागणारं बोलणं इतकं थोडं आहे :

गिऱ्हाईक : हाऊ मच इज धिस?
ताई : टू हंड्रेड रुपीज, हाफ किलो.
गिऱ्हाईक : कॅन आय पे बाय फोन?
ताई : येस. प्लीज स्कॅन हिअर.
गिऱ्हाईक : डन.
ताई : वन मिनिट, प्लीज. लेट मी चेक.

शेवटचं वाक्य सगळ्यात मोलाचं. 'लेट मी चेक', म्हणजे मला बघू द्या. गिऱ्हाईक स्वतःचा फोन दाखवतं, त्यावर हिरवी टिक असते, आपण मान डोलावतो. पण तो जुना स्क्रीनशॉट असू शकतो. आपण आपल्या फोनवर, आपल्या खात्यात जमा झाल्याचं बघायचं, नाहीतर स्पीकरचा डबा बोलेपर्यंत थांबायचं. गर्दी असली तरी. एक मिनिट थांबवलं म्हणून चांगलं गिऱ्हाईक रागावत नाही.

स्क्रीनवर तीन शब्द येऊ शकतात. 'सक्सेसफुल', म्हणजे झालं. 'फेल्ड', म्हणजे नाही झालं. आणि मधला अवघड शब्द 'पेंडिंग', म्हणजे अडकलंय, ठरायचंय. आपण गटात म्हणतो ना, अमक्या ताईचा हप्ता पेंडिंग आहे, तोच शब्द. पेंडिंग दिसलं तर घाईने दुसऱ्यांदा पैसे पाठवू नका, नाहीतर दोनदा जातील. थांबा, मेसेज बघा.

एटीएमचंही सांगून ठेवते. मशीनमधून नोटा आल्याच नाहीत पण डेबिटचा मेसेज आला, असं होतं. बँकेने 5 दिवसांत ते पैसे परत जमा करायचे असा रिझर्व्ह बँकेचा 2019 चा नियम आहे. उशीर झाला तर दर दिवसाला 100 रुपये भरपाई. पावती जपून ठेवा आणि शाखेत जाऊन म्हणा :

द मशीन डिड नॉट गिव्ह मनी. बट मनी इज डेबिटेड.

व्याकरण शंभर टक्के चोख नसलं तरी अर्थ चोख पोचतो. मला एका सरांनी कॉलेजात सांगितलं होतं की आधी बरोबर शिका, मग बोला. मला ते पटत नाही. आपण मराठी तरी कुठे व्याकरण शिकून बोलायला लागलो?

पैशाचं बास झालं. आता जरा गप्पांचं इंग्रजी.

टेक्नॉलॉजी म्हटलं की सगळ्या फोनच दाखवतात. पण पिठाची गिरणी ही टेक्नॉलॉजीच, मिक्सर, गॅस, विहिरीवरची मोटर, सगळीच. ह्या वस्तू आल्या आणि बायकांचा दिवस बदलला. तो बदल सांगायला इंग्रजीत एक फार सोयीची रचना आहे : 'यूज्ड टू'. आपण मराठीत 'करायचो, जायचो, दळायचो' म्हणतो, म्हणजे पूर्वी नेहमी करत होतो, आता करत नाही. नेमकं तेच. बोलताना 'यूस्टु' असं एकत्र येतं. त्याच्यापुढे साधं क्रियापद ठेवायचं आणि दुसऱ्या वाक्याची सुरुवात 'नाऊ'ने करायची.

माय ग्रँडमदर यूज्ड टू ग्राइंड ॲट होम. नाऊ वी गो टू द मिल.
माझी आजी घरी जात्यावर दळायची. आता आपण गिरणीत जातो.

वी यूज्ड टू स्टँड इन अ लाइन ॲट द बँक. नाऊ आय चेक माय बॅलन्स ॲट होम.
आम्ही बँकेत रांगेत उभ्या राहायचो. आता मी घरीच बॅलन्स बघते.

माय हजबंड यूज्ड टू गो टू द फार्म ॲट नाइट. नाऊ ही स्टार्ट्स द मोटर फ्रॉम होम.
हे ज्यांच्या मोटरला मोबाइलचा स्टार्टर बसलाय त्यांच्यासाठी. रात्रीच्या लाईटच्या पाळीला अंधारात शेतात जाणं, साप-विंचू, ओली वायर, हे सगळं ज्या घरातून कमी झालं त्या घरातल्या बाईला ह्या वाक्याची किंमत कळेल.

एका वर्गात मी म्हटलं, आता आपापलं वाक्य करा. चाळिशीतल्या एका ताईंनी एसटीडी बूथचं केलं. नवरा कामाला पुण्यात, आणि त्या तीन किलोमीटर चालत पिवळ्या पाटीच्या बूथवर जायच्या. आय यूज्ड टू वॉक टू द एसटीडी बूथ. सगळ्यांना आपापले बूथ आठवले, आणि इंग्रजी बाजूला राहून अर्धा तास त्याच गप्पा झाल्या. मी थांबवलं नाही. मग कोपऱ्यात बसलेल्या एका सुनेने हळूच वाक्य केलं :

माय सन यूज्ड टू रीड माय मेसेजेस. नाऊ आय रीड देम.
माझा मुलगा माझे मेसेज वाचायचा. आता मी वाचते.

ह्या वाक्यावर थोडं थांबू या. आपल्या किती ताईंचा फोन खरंच त्यांचा आहे? सिम त्यांच्या नावावर, आधारला तोच नंबर जोडलेला, खातं त्यांचं. पण फोन मुलाच्या खिशात आणि पिन नवऱ्याला पाठ. त्यात वाईट हेतू असतोच असं नाही. बाईला वाचता येत नाही, मुलगा भराभर करतो, सोय म्हणून सुरू झालेलं असतं. पण मग पैसे आले कधी, गेले किती, हे तिला दुसऱ्याच्या तोंडून कळतं. मुलाला मदत मागा, जरूर मागा. फक्त तो करत असताना शेजारी बसा, आणि बटण तुमच्या बोटाने दाबा. आणि पिन टाकताना त्याला तिकडे बघायला सांगा. पोटच्या पोराला असं कसं सांगायचं, असं वाटेल. हसत सांगा :

धिस इज माय फोन. धिस इज माय पिन.

मत सांगायलाही शिकू. 'आय थिंक' म्हणजे मला वाटतं. 'आय डोन्ट थिंक सो' म्हणजे मला तसं वाटत नाही. 'आय अग्री, बट' म्हणजे पटतंय, पण. आम्ही विषय घेतला होता : दहावीतल्या मुलीला फोन द्यावा का? एकीचं म्हणणं, आय थिंक, फोन इज बॅड फॉर गर्ल्स. दुसरी तिथल्या तिथे म्हणाली, आय डोन्ट थिंक सो, फोन इज बॅड फॉर बॉईज टू! पुढची सगळी चर्चा मराठीत झाली, कारण राग आला की इंग्रजी संपतं. पण प्रश्न खरा आहे. मुलाला फोन न मागता मिळतो आणि मुलीला अभ्यासापुरताही मिळत नाही, अशी घरं आपल्याच गावात आहेत. माझं मत विचाराल तर, रात्री फोन ठेवायचा नियम घरात करायचा असेल तर तो सगळ्यांना करा, वडिलांसकट. तुमचं मत वेगळं असेल तर 'आय अग्री, बट' वापरून मला सांगा.

शेवटी फोन बिघडल्यावरची वाक्यं. आपण दुकानात जाऊन म्हणतो, "बघा ना, काहीतरी झालंय." इंग्रजीत 'नॉट वर्किंग' हे दोन शब्द कशालाही लागतात. द चार्जर इज नॉट वर्किंग. द नेट इज नॉट वर्किंग. द मिक्सर इज नॉट वर्किंग. 'रेंज नाही' म्हणायचं असेल तर देअर इज नो नेटवर्क. 'लाईट गेली' हे मात्र शब्दाला शब्द लावून सांगू नका, ऐकणाऱ्याला वाटेल दिवा चालत कुठे गेला. पॉवर कट म्हणा. आणि समोरचा भराभर बोलत असेल तर :

प्लीज स्पीक स्लोली.
प्लीज से इट अगेन.

हळू बोला, परत सांगा, असं म्हणायला लाजू नका. इंग्रजी बोलणारी मोठमोठी माणसंही हे म्हणतात.

पुढच्या बैठकीपर्यंतचा अभ्यास. प्रत्येकीने आपल्या फोनमधला बँकेचा शेवटचा मेसेज उघडायचा, विळा आहे की पोट ते बघायचं, आणि रक्कम वहीत लिहायची. 'यूज्ड टू' आणि 'नाऊ'चं एक वाक्य स्वतःच्या आयुष्यातलं करायचं. शेजारणीचं चालणार नाही. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी तोंडी सांगायचं, सचिव ताई लिहून घेतील. ज्यांच्याकडे साधा बटणाचा फोन आहे त्यांनीही यायचं. *99# लावून साध्या फोनवर, नेट नसताना बॅलन्स कसा बघायचा ते आपण करून बघणार आहोत. त्यासाठी बँकेत दिलेला नंबर त्याच फोनमध्ये असायला हवा. आणि ज्यांचे फोन मुलांकडे असतात, त्यांनी त्या दिवशी सकाळीच मागून ठेवा. चार्ज करून आणा.